आत्याची हाक

टेकडीपलीकडच्या गावात शेळ्या मरायला लागल्याची बातमी दूधवाल्याने आणली, तेव्हा आत्या ओट्यावर गुडघ्याला तेल चोळत बसली होती. तोंडाला फोड, नाकाला शेंबूड, वर हगवण, आणि आठवड्याच्या आत गोठा रिकामा. दूधवाल्याने सायकलवरून न उतरताच सांगितलं आणि तेच पुढच्या दारात सांगायला निघून गेला. आत्याने तेलाची वाटी बाजूला सारली, भिंत धरत धरत परसात गेली आणि आपल्या बुटकी शेळीचा जबडा उघडून आत पाहिलं. जीभ गुलाबी होती, हिरड्या स्वच्छ होत्या. बुटकीला मात्र हा प्रकार अजिबात आवडला नाही. तिने आत्याच्या पदराचं टोक तोंडात धरलं आणि सोडायचं नावच घेईना.

आत्या सगळ्या गावाची आत्या. गावातली प्रत्येक शेळी वर्षानुवर्षं तिनेच चारली होती. सकाळी ती पाण्याच्या हौदापाशी उभी राहायची आणि हाक द्यायची, "टुर्रर्रऽऽ येऽऽ, ये ये ये!" दारादारांतून शेळ्या निघायच्या, हौदावर पाणी प्यायच्या आणि तिच्यामागून रानात जायच्या. मग गेल्या वर्षी उतारावर तिचा पाय सटकला आणि गुडघा कामातून गेला. तेव्हापासून शेळ्या ज्याच्या त्याच्या दारात खुंट्याला, आणि आत्या ओट्याला.

आवाज तेवढा जागच्या जागी होता. नवरा घरामागच्या झाडाखाली दोर वळायचा. त्याला जेवायला बोलवायची हाकही हीच, फक्त परसापुरती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्याने तक्रार केली होती, "अगं, माझ्यात आणि शेळ्यांत काही फरक कर की."

"तुम्ही येता ना? मग झालं तर!"

तो येत होता हे खरंच होतं, त्यामुळे तक्रार तिथेच मिटली.

आता आत्याला घोर लागला होता तो टोचणीचा. रोग यायच्या आत लस टोचली तर शेळ्या वाचतात, हे जनावरांचे डॉक्टर गेल्या वर्षीही सांगत आले होते. त्या वेळी पहिल्याच दिवशी गिरणीवाल्याची गाभण शेळी टोचून घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी गाभडली. झालं. गावाने दारं लावून घेतली. लसीची बाटली एकदा कालवली की दुपारपर्यंतच चालते. डॉक्टर बिचारे हौदापाशी उन्हात बसून राहिले आणि शेवटी सगळं औषध खड्ड्यात ओतून गेले. या खेपेला ते पुढच्या आठवड्यात येणार होते. या खेपेला गाव आलं नाही तर टेकडीपलीकडचं मरण टेकडी ओलांडणार, हे आत्याला स्वच्छ दिसत होतं.

*

दूध केंद्रामागे पूर्वी खताची पोती रचायची एक खोली होती. तिथे नुकताच गावाचा रेडिओ सुरू झाला होता. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवले होते, दाराला जाड रजई टांगली होती, आणि एवढं करूनही खोलीला खताचा वास येतच होता. ज्यांच्याकडे रेडिओ नाही त्यांच्यासाठी छपरावर भोंगा बसवला होता. शहरातून एक ताई आली होती. गावातल्याच माणसांना माइकसमोर बोलायला शिकवायचं, हे तिचं काम.

"बोलायला शिकवणार?" गिरणीवाला म्हणाला होता. "गप्प बसायला शिकवा म्हणावं. इथं त्याची गरज आहे."

शेळ्यांबद्दल कोण बोलेल असं ताईने विचारलं, तेव्हा सगळ्यांनी आत्याकडे बोट दाखवलं. सूनबाईने तिला हात धरून नेलं आणि खुर्चीत बसवलं. ताईने कानांना हेडफोन लावले आणि म्हणाली, "बोला, आत्या."

आत्या बोलली. ताई खुर्चीतून उठलीच. कान चोळत तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"आत्या, माइक बहिरा नाहीये हो."

"आमचे हेही बहिरे नाहीत. पण ओरडल्याशिवाय ऐकतात कुठे?"

ताई हसली. चांगली पोरगी होती. हळू बोला म्हणाली, माइक म्हणजे शेजारी बसलेली मैत्रीण समजा म्हणाली. आत्याने माइककडे पाहिलं. असली मैत्रीण तिने जन्मात पाहिली नव्हती. मान काय, तोंड काय, डोळे तर नाहीतच. तिला घाम फुटला. मग सोपं जावं म्हणून ताईने मजकूर लिहून दिला आणि आत्याने तो बोट ठेवून वाचला, "समस्त शेळीपालक बंधूंना व भगिनींना कळविण्यात येते की..." वाचताना तिचा आवाज असा झाला की तिचा तिलाच ओळखू येईना. पण चूक एकही झाली नाही, म्हणून ती खुशीत घरी आली.

दुसऱ्या दिवशी सूनबाई गिरणीवरून दळण घेऊन परतली ती ओठ दाबत.

"काय झालं गं?"

"काही नाही, आई."

"सांग. नाहीतर फुटशील."

"गिरणीवर सगळे विचारत होते, काल रेडिओवर बोलली ती बाई कुठली म्हणून. गिरणीवाले म्हणाले, शहरातली असणार, ताईच्या ओळखीतली. घसा बसलाय बिचारीचा."

सूनबाईला हसू आवरेना. आत्याला मात्र ते फार लागलं. सकाळचं जेवण तिने अर्धवट टाकलं. जन्मभर जिच्या आवाजावर गाव उठलं, तिला गावाने ओळखू नये! ती परसात जाऊन नवऱ्याशेजारी बसली आणि काथ्या पिंजायला लागली. नवरा दोराला पीळ देत होता. पीळ बसल्यावर तो म्हणाला, "मीही ऐकलं काल."

"मग?"

"मला वाटलं, कुणीतरी गेलं. तशी बोलत होतीस."

आत्या भडकली. इथे शेळ्या मरायची वेळ आली आहे, तुम्हाला थट्टा सुचते, लस म्हणजे काय, ती का टोचायची, न टोचली तर काय होतं, हे तिने काथ्या पिंजता पिंजता त्याला असं काही सुनावलं की तिकडे भांडी घासणारी सूनबाई राखेचे हात तसेच घेऊन दारात आली.

"आई, हे! हेच बोला की रेडिओवर!"

"हे कसं बोलणार? हे यांना बोलतेय मी."

"मग यांनाच बोला. आणि हातात काहीतरी घ्या. हात रिकामे असले की तुमची जीभ अडते."

*

म्हणून दुसऱ्या खेपेला आत्या बुटकीला घेऊन गेली. रोग झालेली शेळी ओळखायची कशी, हे बुटकीच्या अंगावर हात फिरवत सांगायचं ठरलं. ताईला कल्पना इतकी आवडली की तिने बुटकीसाठी खाली पोतं अंथरलं. डॉक्टरही मुद्दाम आले होते. ते भिंतीशी स्टूलवर बसले.

सुरुवात झकास झाली. आत्या बुटकीचा जबडा उघडत होती आणि समोर नवराच बसला आहे असं समजून बोलत होती, "हे बघा, इथं बोट घाला. चावत नाही ती, घाला. आतून कोमट लागलं पाहिजे, कढत नाही..." ताईने अंगठा वर केला. डॉक्टर मान डोलवत होते. बाहेर गिरणीवर लोक पिठाचे डबे खाली ठेवून भोंग्याकडे बघायला लागले होते. ही आपली आत्या, हे आता कुणी सांगायची गरज नव्हती.

घोटाळा केला अंड्यांच्या पुठ्ठ्यांनी. बुटकीने एक तुकडा चाखला, तो तिला पसंत पडला, आणि आणखी वरचा काढण्यासाठी ती टेबलावर चढली. टेबल हललं. ताईने माइक सावरला, डॉक्टरांनी बुटकीचा पाय धरायला हात घातला, तर बुटकी तिथून त्यांच्याच खांद्यावर. त्या गडबडीत आत्याच्या तोंडून आपसूक निघालं, "टुर्रर्रऽऽ येऽऽ, ये ये ये!"

बुटकी शहाण्यासारखी खाली उतरून आत्याच्या पायाशी आली. ती एकटीच आली असती तर काही बिघडलं नसतं.

पण वर्षभरात न आलेली हाक आज भोंग्यातून, प्रत्येक घरातल्या रेडिओतून एकदम आली होती. गावातल्या शेळ्यांनी खुंटे उपटले, दावी तोडली, कुंपणं ओलांडली. ज्यांच्या घरात रेडिओ होता त्यांच्या शेळ्या सरळ स्वयंपाकघरात घुसल्या. गिरणीवाल्याची करडी शेळी खुंट्यासकट गिरणीतून गेली आणि भरलेला डबा उलथवून, पोटापर्यंत पांढरी होऊन बाहेर पडली. ताईने रजई बाजूला सारली तर दाराशी शेळ्याच शेळ्या. माना वर करून, कान टवकारून उभ्या. त्यांच्यामागे काठ्या, लाटणी, झाडू घेऊन सगळं गाव धावत येत होतं.

"आत्या, हा काय चावटपणा!" गिरणीवाला ओरडला. त्याच्या मिशीवरसुद्धा पीठ होतं. "माझं दळण भरून देणार कोण?"

"माझी आमटी गेली!"

"माझ्या वाफ्यातली कोथिंबीर!"

आत्या दाराला धरून उभी होती. ओशाळून तिचं तोंड एवढंसं झालं होतं. पण शेळ्या तिच्याकडे बघत होत्या. वर्ष झालं होतं त्यांना असं एकत्र पाहून. करडीने पुढे येऊन तिच्या दुखऱ्या गुडघ्याला डोकं घासलं. आत्या खाली बसली आणि भर गर्दीत तिच्या गळ्यात हात टाकून रडली. मग तिला हसू आलं. मग दोन्ही एकदम.

*

गर्दी पांगल्यावर डॉक्टर कपडे झटकत म्हणाले, "आत्या, माझं काम तुम्ही केलंत. टोचणीच्या दिवशी हीच हाक द्या. शेळ्या आपोआप येतील, त्यांच्यामागे माणसं येतील. तास-दोन तासांत उरकेल."

ताईचेही डोळे चमकले.

"नाही," आत्या म्हणाली.

"का हो?"

"जन्मभर या हाकेवर त्यांना पाणी मिळालं, चारा मिळाला. आता हाक मारायची आणि सुई टोचायची? फसवणूक झाली की ती. आणि माणसांचं काय? त्यांच्या मनात नसताना त्यांची जनावरं पळवून आणायची? यंदा साधेल. पुढल्या वर्षी माझी हाक ऐकून शेळी उलट्या दिशेला पळेल, आणि माणूस तिच्या पुढे."

बुटकी पुठ्ठा चघळत होती.

"मग कसं करायचं?" ताईने विचारलं.

"आधी लोकांशी बोलायचं. गिरणीवाल्याची शेळी का गाभडली, ते सांगायचं. हो म्हणाले तर बघू."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "ते मीच सांगतो," ते म्हणाले.

त्यानंतर रोज दुपारी खोलीत आत्या काथ्या पिंजत बसायची आणि गाव येऊन रजईच्या आत डोकं घालून विचारायचं. टोचल्यावर दूध आटतं का? गाठ येते ती कशाने? पिल्लाला चालतं का? ज्याचं उत्तर आत्याला माहीत असेल ते ती द्यायची, नसेल तिथे म्हणायची, "हे मला येत नाही, डॉक्टरांना विचारते." हे वाक्य लोकांना फार आवडलं. रेडिओवर असं कुणी म्हणालेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

एका दुपारी डॉक्टर आलेले असताना गिरणीवाल्याची बायको आली. ती माइकपाशी जाईना, उंबऱ्यातूनच म्हणाली, "गेल्या वर्षी माझी शेळी गाभडली, दोन पिल्लं गेली. त्याचं काय?"

डॉक्टर माइकजवळ सरकले. "तुमच्या शेळीचे दिवस भरत आले होते. तिला दोघा-तिघांनी ओढत आणलं, आडवं पाडलं. घाईत मीही ते थांबवलं नाही. लसीने नाही, त्या झोंबाझोंबीने ती गाभडली असावी असं मला वाटतं. या खेपेला दिवस भरत आलेल्या शेळ्या टोचणार नाही, त्या व्याल्या की मी परत येईन. बाकीच्यांना कुणी आडवं पाडायचं नाही."

गिरणीवाल्याच्या बायकोने पदर खोचला. "हे तेव्हाच सांगितलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली आणि गेली. भोंग्यातून ते सगळ्या गावाने ऐकलं.

घरी आल्यावर आत्याने पाहिलं, नवरा वेगळ्याच दोराला लागला होता. काथ्याचा नव्हे, जुन्या सुती कपड्यांच्या चिंध्यांचा. मऊ, रुंद, टोकाला सैल फास.

"हे काय?"

"झोंबाझोंबी नको म्हणतायत ना डॉक्टर? काथ्या मानेला काचतो. हे काचत नाही."

"म्हणजे ऐकता तर माझा रेडिओ!"

"भोंगा छपरावर आहे. कानात बोळे घालू का?"

*

छपरावरचा भोंगा आदल्या रात्रीच हौदापाशी आणून लावला होता, आणि टोचणीच्या सकाळी डॉक्टर बर्फाची पेटी घेऊन तिथे बसले. नवरा खांद्यावर सुती दोरांचं ओझं घेऊन उभा होता. सूनबाईने हौद घासून काठोकाठ भरला होता आणि काठाने हिरव्या पाल्याच्या पेंढ्या मांडल्या होत्या. आधी पाणी, मग पाला, पाला खाताना टोचणी, ही आत्याची अट. लोकांशी ठरलं होतं ते असं : ज्याला पटलं असेल त्याने हाकेच्या आधी शेळीचं दावं सोडायचं आणि दार उघडं ठेवायचं. ज्याला पटलं नसेल त्याने बांधून ठेवायची. कुणी कुणाला विचारायला जायचं नाही.

"माझी बांधलेलीच राहणार," असं गिरणीवाला आदल्या दिवशी चारचौघांत बोलला होता.

आत्या खोलीत माइकसमोर बसली. ताईने खूण केली. आत्याने हातातला काथ्या खाली ठेवला, मग पुन्हा उचलला.

"मी आत्या बोलतेय," ती म्हणाली. "आज हाक मारणार आहे. आज पाणी आहे, चारा आहे, आणि सुईही आहे. शेळ्यांना हे सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ज्याने शेळी सोडली त्याच्या जिवावर हाक मारते."

आणि तिने हाक दिली.

मग काहीच झालं नाही. भोंगा खरखरला. ताई आत्याकडे बघत होती, आत्या पायाच्या अंगठ्याकडे. कुणीच सोडली नाही, तिला वाटलं. बाटली कालवली असेल. आता ती दुपारी खड्ड्यात जाणार.

एवढ्यात लांबून एक घंटी वाजली. मग दुसरी. मग त्या मोजायच्या पलीकडे गेल्या. आत्याने काथ्या टाकला, ताईचा खांदा धरला आणि लंगडत बाहेर आली. वरच्या आळीतून, खालच्या आळीतून, गल्लीबोळांतून शेळ्या हौदाकडे वाहत होत्या. त्यांच्यामागे माणसं होती, पण आज कुणाच्या हातात काठी नव्हती. कुणी पिल्लू काखोटीला मारलेलं, कुणी हसत, कुणी शेजाऱ्याला म्हणत, "तू सोडलीस? मला वाटलं मी एकटाच!"

शेळ्या पाणी प्यायल्या, पाल्यावर तुटून पडल्या. नवऱ्याने एकेकीच्या गळ्यात मऊ फास सरकवला, मालकाने पाठ खाजवली, डॉक्टरांनी सुई लावली. एखादी दचकायची, ब्यां करायची आणि पुन्हा पाल्यात तोंड घालायची. दिवस भरत आलेल्या शेळ्या सूनबाईने पलीकडे सावलीत ठेवल्या होत्या. त्यांना नुसता पाला.

पेटीत औषध थोडंच उरलं तेव्हा करडी आली. गळ्यात दावं होतं आणि दाव्याला खुंटा. मागून धापा टाकत गिरणीवाला.

"बांधली होती!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "चांगली बांधली होती!"

आत्याने खुंटा हातात घेऊन पाहिला. त्याला मातीचा कणही चिकटलेला नव्हता. हाताने उपटून, झटकून घेतलेला खुंटा होता तो.

"बांधली होती तर परत नेऊन बांधा," आत्या गंभीरपणे म्हणाली. "बळजबरी नाही कुणावर."

"आता आलीच आहे तर..." गिरणीवाला खाली बसला आणि त्याने करडीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "हळू टोचा हो, डॉक्टर. बायको घरातून बघतेय."

डॉक्टरांनी हळू टोचलं. दुपार व्हायच्या आत पेटीत नुसता बर्फ उरला होता. ताई त्यातला एकेक खडा सगळ्यांच्या तळहातावर ठेवत फिरत होती आणि तिला स्वतःला पत्ता नव्हता की ती गाणं गुणगुणते आहे.

*

सगळं गाव आनंदात होतं. आत्याला मात्र रात्री धड झोप लागली नाही. सकाळी उजाडताच ती कुणाला न सांगता भिंत धरत, कुंपण धरत हौदाकडे निघाली. भोंगा नको होता, माइक नको होता. काल सुई टोचलेल्या शेळ्या आज तिच्या हाकेला येणार होत्या का, हे तिला आपल्या घशाने बघायचं होतं. आल्या नाहीत तर काल मिळवलेल्या सगळ्यावर पाणी पडलं असं तिला वाटणार होतं, मग कुणी काहीही म्हणो.

ती हौदाच्या काठाला टेकून उभी राहिली. श्वास खोल घेतला.

"टुर्रर्रऽऽ येऽऽ, ये ये ये!"

काल संध्याकाळी कुणी शेळी बांधलीच नव्हती की उजाडताच सोडली होती, कोण जाणे. वळणावर पहिली दिसली ती बुटकी. मागून करडी, गळ्यात दावं नाही, खुंटा नाही. मग गल्ली भरून सगळ्या. सरळ आल्या आणि आत्याच्या अंगाला अंग घासत पाणी पिऊ लागल्या. काल टोचलेल्या जागी कुणाकुणाला बारीकशी गाठ आली होती. आत्याने त्यावरून हलकेच बोट फिरवलं, तरी एकही शेळी बाजूला झाली नाही.

"आल्या गं बायांनो," ती म्हणत राहिली. "आल्या माझ्या."

शेळ्यांच्या मागून, खांद्यावर सुती दोर टाकून, डोळे चोळत नवराही येत होता. आत्याला वाटलं, तो आता रागावणार, गुडघा दुखतोय आणि पहाटे कुठे उंडारायला गेलीस म्हणणार. तो जवळ येऊन उभा राहिला. हौदातलं पाणी ओंजळीत घेऊन त्याने तोंड धुतलं, आणि शेळ्यांच्या रांगेत, करडीच्या शेजारी, काठावर बसला.

"तुम्ही कशाला आलात?" आत्याने विचारलं.

"बोलावलंस ना?" तो म्हणाला. "पाणी झालं. आता चारा दे."